‘कोणी एक’ ते ‘मजकूर’ : माणसाची ओळख करून देणाऱ्या शब्दांचा इतिहास

उर्दूच्या व्याकरणात नामाचे दोन मोठे भाग पडतात. ‘इस्मे नकिरा’ आणि ‘इस्मे मारिफा’. मराठी पुस्तकात आपण त्यांना सामान्यनाम आणि विशेषनाम म्हणतो. नदी हे नकिरा, सावित्री हे मारिफा. गाव हे नकिरा, पोलादपूर हे मारिफा. पण अरबी शब्दांचा मूळ अर्थ पाहिला की मराठी संज्ञांमध्ये न दिसणारी एक गोष्ट दिसते. ‘नकिरा’ म्हणजे अनोळखी. ‘मारिफा’ म्हणजे ओळखीचे. जुन्या अरबी वैयाकरणांनी नामांची विभागणी करताना आधी ऐकणाऱ्याचा विचार केला. समोरच्या माणसाला ही वस्तू, ही व्यक्ती ठाऊक आहे की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

हे दोन्ही शब्द ज्या धातूंपासून आले, त्यांची लेकरे मराठीतही नांदतात. ‘मारिफा’च्या घराण्यातले ‘उर्फ’ आणि ‘तारीफ’ आपण रोज वापरतो. उर्दूत परिचयाला ‘तआरुफ’ म्हणतात, तोही त्याच घरातला. ‘नकिरा’च्या घराण्यातला शब्द आहे ‘इन्कार’. ओळखणे आणि गौरवणे एका घरात, न ओळखणे आणि नाकारणे दुसऱ्या घरात. शब्दांच्या या नात्यावरून फार मोठे सिद्धांत मांडायचे नसतात, हे मला ठाऊक आहे. तरीही महाड-पोलादपूरचा इतिहास वाचताना हे नाते पुन्हा पुन्हा आठवते. बोलण्यात किंवा लिहिण्यात एखादा माणूस पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याला कोणत्या शब्दाने आत घेतले जाते? नावाने, बापाच्या नावाने, जातीने, धर्माने, की नुसत्या ‘एक’ने? भाषेच्या या सवयीत इतिहास दडलेला असतो.

भाषांच्या वेगवेगळ्या रीती

नवी व्यक्ती गोष्टीत आणायची प्रत्येक भाषेची रीत वेगळी आहे. अरबीत ‘रजुल’ म्हणजे पुरुष. ‘रजुलुन’ म्हटले की कोणी एक पुरुष, आणि ‘अर्रजुल’ म्हटले की तोच तो, ज्याच्याविषयी आपण बोलत होतो. शेवटी लागणाऱ्या ‘न’च्या उच्चाराला तन्वीन म्हणतात. बहुतेक सामान्यनामांना ती अनोळखीपणा देते. अरबीत दोन्ही बाजूंना खूण आहे. इंग्रजीतही ‘अ’ आणि ‘द’ अशा दोन खुणा आहेत, आणि त्यातला ‘अ’ हा मुळात ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचाच झिजलेला अवशेष आहे.

फारसीची गोष्ट निराळी. तिथे ओळखीच्या नामाला वेगळे उपपद नाही, पण अनोळखी नामाला शेपूट लागते. ‘मर्द’ म्हणजे पुरुष, ‘मर्दे’ म्हणजे कोणी एक पुरुष. उर्दू-फारसीच्या जुन्या मदरशांत या शेपटाला ‘या-ए-तन्कीर’ म्हणत, म्हणजे अनोळखी करणारा ‘य’. तन्कीर हा शब्दही नकिराच्याच घरातला.

मराठी आणि उर्दू या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत. दोघींकडेही उपपद नाही आणि शेपूटही नाही. दोघी ‘एक’ या संख्येवर काम भागवतात. एका गावात एक सुतार राहत होता, किसी गाँव में एक बढई रहता था. इथे ‘एक’ म्हणजे मोजणी नाही. ‘याला तुम्ही ओळखत नाही, आता ओळख करून देतो’ एवढाच त्याचा अर्थ. संस्कृतात हेच काम ‘कश्चित्’ करतो आणि आपल्या आजीच्या गोष्टीत ‘कोणी एक’.

‘एक’ नसतानाही मराठी माणूस नवे-जुने बरोबर ओळखतो, कारण शब्दांची जागा बोलते. ‘बाई अंगणात उभी आहे’ म्हटले तर ती बाई आपल्याला ठाऊक आहे, ती कुठे आहे एवढेच विचारले गेले होते. ‘अंगणात बाई उभी आहे’ म्हटले तर अंगण ओळखीचे, बाई नवी. चिनी भाषेतही असाच खेळ चालतो. पाहुणे क्रियापदाच्या आधी आले तर ते अपेक्षित पाहुणे, क्रियापदाच्या नंतर आले तर अचानक उगवलेले.

आणखी एक खूण मराठीत आणि उर्दूत सारखीच आहे. ‘आम्ही मुलगी बघायला गेलो’ हे वाक्य ऐकताच सगळ्यांना कळते की लग्न जुळवायचे चालले आहे. ‘आम्ही मुलीला बघायला गेलो’ म्हटले की मुलगी घरातली किंवा ओळखीची, बहुधा दवाखान्यात असलेली. उर्दूत ‘लडकी देखने गए’ आणि ‘लडकी को देखने गए’ यांत तोच फरक. ‘ला’ आणि ‘को’ हे प्रत्यय त्या मुलीला अनोळखी गर्दीतून बाहेर काढतात. मराठी माध्यमातले आणि उर्दू माध्यमातले मूल हा फरक कधी पुस्तकातून शिकत नाही. ते शाळेत येण्याआधीच शिकून आलेले असते.

सारांश, प्रत्येक भाषेत एक दार आहे. आत येणारा नवा की जुना हे त्या दारातच ठरते. आता या दाराचा आपल्या मुलुखातला इतिहास पाहू.

गांधारपाल्याचे दाते

महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखात कानभोज कुलातल्या विष्णुपालित या राजकुमाराचे दान नोंदले आहे. लेखाचा काळ साधारणपणे इसवी सनाचे दुसरे शतक मानला जातो. म्हणजे महाडच्या परिसरात दगडावर नाव कोरून ज्यांचा परिचय करून दिला गेला, अशा अगदी पहिल्या माणसांपैकी हा एक.

पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या दानलेखांची एक ठरलेली रीत आहे. ‘एक राजकुमार होता, त्याने लेणे खोदले’ अशी गोष्ट तिथे सांगितलेली नसते. दात्याचे नाव षष्ठी विभक्तीत येते : अमक्याचे दान, अमक्याच्या मुलाचे दान, अमक्या गावच्या व्यापाऱ्याचे दान. राजकुमार असो, गृहस्थ असो वा व्यापारी, माणूस दगडावर येतो तो ‘चा, ची, चे’चा हात धरून. आधी तो कोणाचा हे सांगायचे, मग त्याने काय दिले हे सांगायचे.

हीच रीत आजही आपल्या वाड्यांमध्ये जिवंत आहे. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत अनोळखी पोर दिसले तर म्हातारा त्याला ‘तुझे नाव काय’ असे विचारत नाही. तो विचारतो, ‘कुणाचा रे तू?’ मोहल्ल्यातली चाचीही तेच विचारते. आडनावांचेही तसेच. कोकणी मुसलमानांत आणि हिंदूंत गावाच्या नावाला ‘कर’ लावून झालेली आडनावे शेजारी शेजारी आढळतात, आणि हे ‘कर’ जे काम करते तेच काम अरबी-फारसी नावांतला शेवटचा ‘ई’ करतो. बुखाऱ्याचा तो बुखारी, शिराझचा तो शिराझी, महाडचा तो महाडकर. माणूस कुठला आणि कुणाचा हे कळले की तो नकिरा उरत नाही.

दफ्तरात आलेले पाहुणे

मधल्या शतकांत दक्षिणेत सुलतानांची राज्ये आली आणि त्यांच्याबरोबर दफ्तराची फारसी आली. आदिलशाहीचे अनेक कागद द्विभाषिक असत, फारसी मजकूर आणि त्याबरोबर मोडी मराठी. महसुलाच्या कामात स्थानिक कारकून असल्यामुळे दोन भाषा एकाच टेबलावर, खरे तर एकाच बैठकीवर, रोज एकत्र बसू लागल्या. मराठीने फारसीकडून हुद्द्यांची आणि करांची नावे घेतली हे सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते छोटे शब्द, जे माणसाला कागदावर पहिल्यांदा आणतात आणि नंतर पुन्हा ओळखायला मदत करतात.

पहिल्यांदा आणण्याचे शब्द हे : ‘मौजे’ लावून गाव आणायचे, ‘कसबे’ लावून बाजारपेठेचे गाव. माणूस आणायचा तो ‘बिन’ किंवा ‘वल्द’ लावून, म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि ‘साकिन’ लावून, म्हणजे अमक्या ठिकाणचा राहणारा. बाईचे नाव आले तर ‘अमकी कोम तमका’, म्हणजे तमक्याची बायको. ‘बिन’ अरबीतला, पण मराठी कागदात तो पाटलाच्या, कुणब्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या, सगळ्यांच्या नावात दिसतो. एखादे हिंदू नाव, मध्ये ‘बिन’ आणि पुढे दुसरे हिंदू नाव, असे लिहिताना त्या काळच्या कारकुनाला काही वावगे वाटत नसे.

पुन्हा उल्लेख करायचा तर त्याचेही शब्द होते. ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा जिक्र झाला आहे तो. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले तेच गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे तेच वर्ष. ‘सदर’ म्हणजे वरचा, त्यातून ‘सदरहू’. आणि सर्वांत मजेदार शब्द ‘मशारनिल्हे’. मूळ अरबी ‘मुशारुन इलैह’, ज्याच्याकडे निर्देश केला आहे तो. त्यातला ‘न’ हा तन्वीनचा. अरबीत नामाला अनोळखी करणारा हा उच्चार मराठी दफ्तरात येऊन ‘वर ज्यांचे नाव आलेच आहे ते गृहस्थ’ या शब्दाच्या पोटात कायमचा राहिला. शब्द गाव बदलतात तेव्हा त्यांचे काम असे उलटेही होते.

कागदाच्या भाषेला या शब्दांची गरज होती, कारण कागद वाचणारा समोर नसतो. बोलताना बोट दाखवता येते. वतनाच्या भांडणात, पन्नास वर्षांनी दुसऱ्याच माणसाने वाचायच्या महजरात, ‘तो’ म्हणजे नक्की कोण हे शब्दानेच बांधावे लागते. जमिनीचा परिचयही असाच बांधला जाई. तिच्या चार बाजूंचे शेजारी सांगायचे, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, आणि अशा चतुःसीमेने ती जमीन जगातल्या इतर सर्व जमिनींपासून वेगळी व्हायची. खरेदीखतात आजही तेच चालते. माणूस एकदा पूर्ण नावानिशी येतो, आणि मग शेवटपर्यंत तो ‘लिहून देणार’ किंवा ‘लिहून घेणार’ म्हणून वावरतो.

पत्रांची रीत आणखी बारीक होती. पत्राच्या सुरुवातीला ज्याच्या नावे पत्र आहे त्याला योग्य मायना लागे. ब्राह्मणाला ‘वेदमूर्ती’, सरदाराला ‘राजश्री’, मुसलमान गृहस्थाला ‘अजम’, म्हणजे थोर. मायना हा शब्दही अरबीच. माणूस पत्रात शिरण्याआधी त्याचा दर्जा शिरत असे. त्यात उतरंड होती हे उघड आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण उतरंडीतही प्रत्येकाला कागदावर एक जागा होती.

रायगडावरचा कोश

महाड तालुक्यातल्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर महाराजांनी राज्यकारभाराच्या भाषेकडे लक्ष दिले. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपवलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त हजाराहून जास्त फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. धुंडिराज व्यास यांचा त्या कामात मोठा वाटा होता. पदांची नावेही बदलली. मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती.

या कोशाकडे आज दोन टोकांनी पाहिले जाते. एका बाजूला तो परक्या भाषेविरुद्धचा घाव म्हणून सांगितला जातो, दुसऱ्या बाजूला त्याची दखलच घेतली जात नाही. मला तो एका नव्या राज्याने स्वतःचा परिचय स्वतःच्या शब्दांत करून देण्याचा प्रयत्न वाटतो. राज्य नवे होते. दिल्ली आणि विजापूर त्याला ‘कोणी एक जमीनदार’ म्हणून मोजत होते. राज्याभिषेक, नवा शक आणि नवी पदनामे यांनी जगाला सांगितले की हे आता नकिरा नाही. त्याच वेळी महाराजांच्या दफ्तरात फारसी पत्रव्यवहार चालूच होता आणि त्यासाठी निळो प्रभू आणि काझी हैदर यांच्यासारखे मुन्शी होते. स्वतःची ओळख स्वतःच्या भाषेत द्यायची आणि दुसऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचे, या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगवेगळ्या काळातली पत्रे ताडून मराठीतले फारसी शब्द हळूहळू कमी होत गेल्याचे दाखवले. ते खरे आहे. पण कोणते शब्द गेले आणि कोणते राहिले ते पाहण्यासारखे आहे. मोठमोठी पदनामे बदलता आली. ‘मजकूर’, ‘सदरहू’, ‘मशारनिल्हे’, ‘बिन’ हे छोटे शब्द पेशवाईच्या कागदांतही भरभरून आहेत. हुद्द्याचे नाव फर्मानाने बदलते. ‘तोच तो’ असे सांगण्याची सवय बोटांत बसलेली असते, ती फर्मानाने जात नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर महाराष्ट्र शासनाने मराठीत कारभार करायचे ठरवले, ‘उपरोक्त’ आणि ‘उक्त’ आले, तरी तहसील कचेरीतल्या कागदावरचे ‘सदर’ हलले नाही. आणि ‘मजकूर’ तर बढती मिळवून बसला. ‘उल्लेख झालेला’ या अर्थाचा शब्द आज ‘जे काही लिहिले आहे ते सर्व’ या अर्थाने छापखान्यात आणि वर्तमानपत्रात राज्य करतो.

अनोळखी इसम

याच दफ्तरातून आलेला आणखी एक शब्द ‘इसम’. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. नावांच्या याद्या लिहिता लिहिता नाव म्हणजेच माणूस असा अर्थ झाला आणि मराठीत ‘इसम’ म्हणजे व्यक्ती. ‘असामी’ हाही त्याच ‘इस्म’चा अनेकवचनी भाऊ. म्हणून पोलिसांच्या पंचनाम्यात ‘अनोळखी इसम’ असे वाचले की उर्दू शिकवणारा माणूस क्षणभर थांबतो. शब्दशः त्याचा अर्थ होतो ‘अनोळखी नाव’. व्याकरणातला ‘इस्मे नकिरा’ आणि पंचनाम्यातला ‘अनोळखी इसम’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत.

आपल्या तालुक्यांना या शब्दाची ओळख फार जवळून आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनांतली माणसे वाहून गेली. नंतरचे कित्येक दिवस नदीच्या आणि खाडीच्या काठाने शोध चालला. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गेली. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. शोध थांबवल्यावर जे सापडले नव्हते त्यांना मृत घोषित करावे लागले.

अशा वेळी सरकारी भाषेत दोन याद्या होतात. एक बेपत्ता लोकांची, तिथे नाव आहे पण माणूस नाही. दुसरी ओळख न पटलेल्या मृतदेहांची, तिथे माणूस आहे पण नाव नाही. किनाऱ्यावर बसलेल्या नातेवाइकांचे सगळे दुःख या दोन याद्या एकमेकींना जुळण्यावर अडकलेले असते. तिथे ‘एक मृतदेह मिळाला’ या वाक्यातला ‘एक’ ऐकवत नाही. नवी व्यक्ती बोलण्यात कशी येते हा विषय ज्यांना निव्वळ व्याकरणाचा वाटतो, त्यांनी हा ‘एक’ आठवावा.

१९२७ : कोणाला नाव, कोणाला ‘एक’

महाडचे नाव जगाच्या इतिहासात गेले ते चवदार तळ्यामुळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि मार खाणाऱ्यांपैकी काहींना महाडातल्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेच्या मंडपाला जागा मिळू नये अशी व्यवस्था झाली होती. तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली.

त्या आधी, डिसेंबरमध्येच, तळे खाजगी आहे असे म्हणत महाडच्या काही सवर्णांनी दावा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने लागला. त्या दाव्याचा गाभा बघा. तळ्याला कोणता शब्द लावायचा हाच वाद होता. ‘चवदार तळे’ हे नाव सगळ्यांना मान्य होते, त्यापुढचा षष्ठीचा प्रत्यय मान्य नव्हता. तळे कोणाचे? गांधारपाल्याच्या दगडावरचा प्रश्न जवळजवळ अठराशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता, आणि आता त्याचे उत्तर कोर्टाला द्यायचे होते.

सत्याग्रहाची हकीकत आज सांगितली जाते तेव्हा कोण कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. सुरबानाना टिपणीस नावाने येतात. अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, रामचंद्र बाबाजी मोरे हेही नावाने येतात, आणि ते योग्यच आहे. या माणसांनी आपापल्या परीने किंमत मोजली होती. फत्तेखान मात्र भाषणांत पुष्कळदा ‘एका मुसलमान गृहस्थाने जागा दिली’ एवढ्या वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात निघून जातात. आसरा देणारी घरे तर ‘काही मुसलमानांनी’ या दोन शब्दांत संपतात. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, उलट तो कौतुकाने सांगत असतो. पण वाक्याची बांधणी आपले काम करून जाते. ऐकणाऱ्याला वाटते, महाडच्या गोष्टीत हा कोणी बाहेरून आला आणि मदत करून गेला. वास्तविक ज्याची जागा गावात आहे तो बाहेरचा कसा?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मंडपाची जागा मुसलमानाने दिली हे सांगणे गरजेचे आहे, कारण त्या दिवशीच्या महाडात इतर दारे बंद होती. बरोबर. सत्याग्रही अस्पृश्य मानले गेलेले होते, हे सांगितल्याशिवायही ती गोष्ट समजणार नाही. जात आणि धर्म वगळून महाडचा इतिहास लिहिताच येणार नाही. माझे म्हणणे एवढेच की ओळख नावाच्या शेजारी बसावी, नावाच्या जागी नाही. ‘फत्तेखान नावाच्या महाडच्या मुसलमान गृहस्थांनी’ असे म्हणायला फार तर दोन-तीन शब्द जास्त लागतात.

रोजच्या बोलण्यातला ‘एक’

ही सवय जुन्या इतिहासापुरती नाही. ‘आमच्या गावात एक मुस्लिम कुटुंब आहे’ आणि ‘आमच्या गावातले मुस्लिम कुटुंब’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात गाव ओळखीचे, कुटुंब नवे. दुसऱ्यात दोघेही ओळखीचे. सावित्रीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, घरात कोकणी बोलणारे, भात लावणारे आणि मासे विकणारे लोक प्रत्येक बातमीत पुन्हा पहिल्यांदाच भेटल्यासारखे येतात. सलोख्याच्या बातम्यांतही असेच होते. ‘एका मुस्लिम तरुणाने पुरात शेजाऱ्यांना वाचवले’ असे छापून येते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाचवले, यात बातमी होण्यासारखे आश्चर्य कशाचे होते, हे तो ‘एक’ सांगून जातो.

आमच्या बाजूलाही हीच खोड आहे, ती दुसऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. उर्दू माध्यमातली मुले दोस्तावर निबंध लिहितात तेव्हा ‘मेरा एक हिंदू दोस्त है’ असे वाक्य हमखास येते. दोस्ताला नाव आहे, तो रोज बरोबर क्रिकेट खेळतो, पण निबंधाच्या दारात त्याचा धर्म आधी पोहोचतो. मराठी माध्यमातही ‘माझा एक मुस्लिम मित्र’ असतोच. त्या वाक्यावर लाल शाईने चूक दाखवता येत नाही, कारण व्याकरण बरोबर असते. मुलांना एवढेच विचारता येते : त्याचे नाव काय? नाव लिहिले की पुढचे वाक्य आपोआप वेगळे येते. ‘तो हिंदू आहे’च्या ऐवजी ‘तो डावखुरा आहे’ असे काहीतरी.

याबाबतीत आमच्याच परंपरेतली एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. हदीस गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक कथनामागची साखळी जपली : अमक्याने अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून. ती साखळी तपासायला ‘अस्माउर्रिजाल’ नावाचे शास्त्रच उभे राहिले. अस्मा म्हणजे नावे, त्याच ‘इस्म’चे अनेकवचन. साखळीत एखादा माणूस नावाशिवाय आला, ‘एका माणसाने मला सांगितले’ असे कोणी म्हटले, तर ती कडी कच्ची ठरते. अशा बेनाव कथनकाराला ‘मुब्हम’ म्हणतात आणि ज्याची माहिती मिळत नाही त्याला ‘मजहूल’. मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्ये घालवून त्या बेनाव माणसांची नावे शोधली. इतिहास विश्वासार्ह हवा असेल तर ‘कोणी एक’वर थांबायचे नाही, हा धडा त्यात आहे. तो कोणत्याही धर्माच्या इतिहासकाराला उपयोगी आहे.

महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांत जुन्या पेट्यांमध्ये मोडीतले खरेदीखत, कुळाचा दाखला, निकाहनामा, शाळेचा जुना दाखला असे कागद पडलेले आहेत. पावसाळ्यात ते दमट होतात, वाळवीला जातात, दर पुरात थोडे वाहून जातात. त्यांत ‘बिन’, ‘वल्द’, ‘कोम’, ‘साकिन’ अशा शब्दांनी बांधलेली माणसे आहेत. मोडी वाचणारा माणूस गाठून ती नावे एका वहीत उतरवून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की १९२७ च्या त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यात, आपल्या वाडीत, कोणाचे दार उघडे होते. जे नाव मिळेल ते बापाच्या नावासह आणि गावासह लिहा. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून ‘एका गृहस्थाने’ असे म्हणाला, तर भाषण संपल्यावर त्याच्याकडे जाऊन ते नाव सांगता आले पाहिजे.